वायू एक, चिन्हे चार

पूर्वी वर्षाकाठी एकदोनदा गावात कल्हईवाला येत असे. वाड्याच्या अंगणात किंवा पारापाशी तो आपली लहानशी भट्टी पेटवी, भात्याने निखारे फुलवी आणि तांब्यापितळेची काळवंडलेली भांडी एकामागून एक तापवी. भांडे पुरेसे तापले, की तो पुडीतील चिमूटभर पांढरी भुकटी त्यात टाकी व कापसाचा बोळा आतून फिरवी. त्याबरोबर पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि भोवती जमलेली मुले नाके दाबून मागे सरत. मग कथलाचा एक फराटा, बोळ्याचा आणखी एक फेरा, आणि भांडे चांदीसारखे लखलखू लागे! तुमच्या आजीआजोबांना विचारा. नाकात झिणझिण्या आणणारा तो दर्प त्यांना अजून आठवत असेल.

ती पांढरी भुकटी म्हणजे नवसागर. नवसागरात थोडा ओला चुना मिसळून चोळला, की त्यातून एक अदृश्य पण अतिशय तिखट वासाचा वायू निघतो. घेरी आलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्यासाठी हे मिश्रण हुंगावयास देण्याची जुनी रीत होती. हाच वास आपल्याला पहाटेच्या वेळी बंद गोठ्याचे दार उघडताना येतो. गोमूत्र कुजू लागले म्हणजे त्यातूनही तोच वायू बाहेर पडतो. या वायूचे नाव अमोनिया.

असा हा आपला जुना ओळखीचा वायू. पण ओळख असणे निराळे आणि पारख असणे निराळे. शेजारच्या माणसाचे नाव ठाऊक असले, म्हणून त्याचा स्वभाव ठाऊक असतोच असे नाही. अमोनियाचा स्वभाव कसा आहे, तो कोणकोणत्या प्रकारे अपाय करू शकतो, आणि हे सारे शास्त्रज्ञांनी कसे तपासून, कसे वर्गवार मांडून ठेवले आहे, ते आज आपण पाहू.

प्रथम त्याचे उपकार सांगितले पाहिजेत. १७७४ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने हा वायू प्रथम निराळा करून दाखविला. त्याच्या अणुरेणूंची घडण अगदी साधी आहे. नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन अणू एकत्र आले, की अमोनियाचा एक रेणू होतो. हवेत नायट्रोजन विपुल आहे. परंतु त्याला हायड्रोजनशी जोडणे फार कठीण होते. १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत साधले, आणि कार्ल बॉश याच्या प्रयत्नांनी १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगात दर वर्षी पंधरा कोटी टनांहून अधिक अमोनिया तयार होतो, आणि त्यातील बराच मोठा भाग खतांसाठी खर्ची पडतो. आपल्या राज्यात तुर्भे आणि थळ येथे खतांचे मोठे कारखाने आहेत. शेतकरी पिकाला जो युरिया घालतो, तो याच वायूपासून बनतो. तेव्हा आपल्या ताटातील भाकरीशीही या वायूचे नाते आहे.

अमोनियाचे दुसरे मोठे काम म्हणजे थंडावा निर्माण करणे. दाब दिला की हा वायू सहज द्रवरूप होतो. आणि दाब काढून घेतला, की तो द्रव झपाट्याने उकळून पुन्हा वायू बनतो. हे उकळणे चालू असताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. पाण्याच्या साच्यांभोवती अशी उष्णता शोषली गेली, की साच्यांत बर्फाच्या लाद्या तयार होतात. कोळी बांधवांनी समुद्रातून आणलेली मासळी टिकते ती या बर्फावर. दुधाची केंद्रे व शीतगृहे यांतही अमोनिया हेच काम मुकाट्याने करीत असतो.

परंतु अग्नी अन्न शिजवितो आणि घरही जाळतो. अमोनियाचेही तसेच आहे. म्हणून ज्यांना त्याच्या सहवासात काम करावयाचे आहे, त्यांना त्याचे धोके नेमके माहीत असले पाहिजेत. “हा वायू वाईट आहे” एवढे सांगून भागत नाही. कशाने वाईट? किती वाईट? कोणाला? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून सावधगिरी कशी बाळगावी हे कळत नाही. या उत्तरांची नीट मांडणी करणे, यालाच रसायनाच्या धोक्यांचे वर्गीकरण म्हणतात.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात ठेवा. पूर्वी गारुडी टोपलीत नाग घेऊन गावोगाव हिंडत. टोपलीचे झाकण घट्ट असले, तरी नागाच्या दातांतील विष नाहीसे होत नाही. ते विष हा नागाचा गुण आहे. त्याला धोका म्हणावे. पण नाग डसेल की नाही, हे झाकण पक्के आहे का, आपण किती जवळ उभे आहोत, गारुडी हुशार आहे का, यांवर अवलंबून असते. तिला जोखीम म्हणावे. धोका हा वस्तूच्या अंगचा असतो. जोखीम आपल्या वागण्याने कमीअधिक होते. वर्गीकरण आपल्याला पहिली गोष्ट सांगते, ती दुसरी गोष्ट आपण आटोक्यात ठेवावी म्हणून.

हे ज्ञान किती मोलाचे आहे, याची एक दुःखद आठवण आपल्या देशाजवळ आहे. १९८४ सालच्या डिसेंबर महिन्यात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळ शहरातील कीटकनाशकांच्या एका कारखान्यातून मेथिल आयसोसायनेट नावाच्या द्रव्याची विषारी वाफ बाहेर पडली. लोक झोपेतून खोकत उठले आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटले. कित्येक जण वायू ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने धावले. हा कसला वायू आहे, त्यापासून बचाव कसा करावा, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. रुग्णालयातील डॉक्टरांनाही कोणत्या विषावर उपचार करावयाचे ते नेमके कळत नव्हते. हजारो माणसे प्राणांस मुकली, आणि लाखो लोकांना तिची झळ पोचली. त्या रात्रीनंतर आपल्या देशात १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला; १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा होऊन कामगारांना व शेजारच्या वस्तीला धोक्यांची माहिती देणे कारखान्यांवर बंधनकारक झाले; आणि १९८९ साली घातक रसायनांविषयी स्वतंत्र नियम करण्यात आले.

पण माहिती द्यावयाची ती कोणत्या भाषेत? रसायने तर एका देशात तयार होतात, दुसऱ्या देशाच्या जहाजातून जातात आणि तिसऱ्या देशात वापरली जातात. पूर्वी प्रत्येक देशाची धोके मोजण्याची पद्धत वेगळी होती. एके ठिकाणी जे द्रव्य ‘विषारी’ ठरे, तेच दुसऱ्या ठिकाणी नुसते ‘अपायकारक’ ठरे. पाटीवरील चित्रेही निरनिराळी असत. १९९२ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे जगातील राष्ट्रांची मोठी परिषद भरली. साऱ्या जगाने रसायनांच्या धोक्यांचे वर्गीकरण एकाच रीतीने करावे, असे तेथे ठरले. त्यानुसार अनेक वर्षे खपून संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी एक पद्धत तयार केली, आणि २००३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नवे ज्ञान हाती येईल तसतशी तिच्यात दर दोन वर्षांनी सुधारणा होत असते.

या पद्धतीत धोक्यांचे तीन मोठे गट आहेत. पहिला गट भौतिक धोक्यांचा. स्फोट होणे, पेट घेणे, दुसऱ्या वस्तूला पेटण्यास मदत करणे, दाबाखाली कोंडलेले असणे, धातू खाणे, असे धोके त्यात येतात. दुसरा गट आरोग्याच्या धोक्यांचा. त्यात विषबाधा, कातडी व डोळे यांना होणारी इजा, दमा किंवा अंगावर चट्टे उठणे, कर्करोग, पुढील पिढीला होणारा अपाय इत्यादींचा समावेश होतो. तिसरा गट पर्यावरणाच्या धोक्यांचा. आता आपल्या अमोनियाला या तिन्ही गटांच्या कसोट्या लावून पाहू.

पहिला प्रश्न भौतिक धोक्यांचा. कारखान्यात अमोनिया येतो तो दाब देऊन द्रवरूप केलेला, पोलादी सिलिंडरमध्ये किंवा टाकीत भरलेला. पात्रात २० अंश सेल्सियस तापमानाला त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे साडेआठ पट असतो. खानदेश-विदर्भातील उन्हाळ्याप्रमाणे तो ४० अंशांपर्यंत तापला, तर हाच दाब सुमारे पंधरा पटींवर जातो. म्हणून असे सिलिंडर उन्हात ठेवू नयेत, आणि आगीजवळ तर मुळीच नेऊ नयेत. पात्र फुटले तर एक लीटर द्रवापासून आठशे लीटरांहून अधिक वायू तयार होतो. यावरून ‘दाबाखालील वायू’ हा त्याचा पहिला वर्ग ठरला.

त्यातच आणखी एक गोष्ट आहे. हा द्रव मोकळ्या हवेत उणे ३३ अंशांला उकळतो. बर्फाहूनही कितीतरी थंड असलेला असा द्रव हातावर उडाला, तर तो कातडीतील उष्णता क्षणात ओढून घेतो आणि ते अंग गोठून जाते. ज्या गुणामुळे बर्फ तयार होतो, तोच गुण येथे घातक ठरतो.

अमोनिया पेट घेतो का? घेतो, पण सहजासहजी नाही. हवेत त्याचे प्रमाण सुमारे १५ ते २८ टक्के असेल तेव्हाच त्याला आग लागू शकते. त्याहून कमी किंवा अधिक असेल, तर लागत नाही. उघड्यावर एवढे प्रमाण क्वचितच साठते. बंद खोलीत मात्र ते साठू शकते, आणि मग एक ठिणगीही स्फोटास पुरते. म्हणून युरोपातील देशांनी त्याला ज्वालाग्राही वायूंच्या दुसऱ्या, म्हणजे सौम्य श्रेणीत घातले आहे.

श्रेणी म्हणजे काय, ते येथेच समजून घेऊ. एकाच वर्गात मोडणारे धोके सारख्याच तीव्रतेचे नसतात. काडीपेटीची काडी आणि पेंढ्याची गंजी दोन्ही पेटतात, पण दोहोंत केवढे अंतर! म्हणून प्रत्येक वर्गाच्या श्रेणी पाडल्या आहेत. मात्र शाळेत पहिला क्रमांक आला की आपण पेढे वाटतो; येथे सारे उलटे आहे. पहिली श्रेणी सर्वांत घातक, आणि अंक वाढत जाईल तसतसा धोका कमी.

आता दुसरा प्रश्न, आरोग्याचा. अमोनियाला पाण्याची विलक्षण ओढ आहे. साध्या तापमानाला एक लीटर पाण्यात सुमारे सातशे लीटर अमोनिया विरघळतो! आपल्या शरीरात ओलावा कोठे असतो? डोळ्यांत, नाकात, घशात, फुप्फुसांत. घाम आला असेल तर कातडीवरही. अमोनिया नेमका तेथेच जाऊन विरघळतो, आणि त्या ओलाव्याचे तीव्र अल्कलीत रूपांतर होते. तांबडा लिटमस कागद अशा पाण्यात निळा होतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. तेलात कॉस्टिक सोडा मिसळला की त्याचा साबण होतो, हेही तुम्हांस ठाऊक असेल. अल्कली कातडीतील व डोळ्यांतील स्निग्ध द्रव्यांवर काहीसे असेच कार्य करते आणि आत आत शिरत जाते. म्हणून अमोनियाची जखम वरून दिसते तीहून खोल असू शकते, आणि डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचे भय असते. यावरून ‘कातडी व डोळे यांना भाजून काढणारा’ हा त्याचा आणखी एक वर्ग ठरला.

श्वासाबरोबर तो आत गेला तर? थोड्या प्रमाणात गेला, तर नाक चुरचुरते, खोकला येतो, डोळ्यांतून पाणी वाहते. फार प्रमाणात गेला, तर घसा सुजून श्वासाची वाट बंद होते, फुप्फुसांत पाणी भरते आणि माणूस दगावतो. ‘थोडे’ आणि ‘फार’ हे शब्द आपल्याला बोलण्यापुरते ठीक आहेत. शास्त्राला मात्र आकडे लागतात. प्रयोगशाळेत चार तास वायूमिश्रित हवेत ठेवलेल्या प्राण्यांपैकी निम्मे प्राणी ज्या प्रमाणाला मरतात, ते प्रमाण वायूच्या विषारीपणाचे माप धरतात. दहा लक्ष भाग हवेत वायूचे शंभर भाग किंवा त्याहूनही कमी पुरेसे ठरले, तर तो वायू पहिल्या श्रेणीचा. पाचशेपर्यंत लागले, तर दुसऱ्या श्रेणीचा. अडीच हजारांपर्यंत तिसऱ्या. आणि वीस हजारांपर्यंत चौथ्या. युरोपातील वर्गीकरणात अमोनिया तिसऱ्या श्रेणीत बसतो. पहिल्या तीन श्रेणींतील द्रव्यांवर कवटी व हाडे यांचे चिन्ह लावले जाते. चौथ्या श्रेणीवर केवळ उद्गारचिन्ह असते.

जीव जाण्याइतके प्रमाण नसले, तरी रोज आठ तास काम करणाऱ्या कामगाराची काळजी घ्यावीच लागते. आपल्या कारखान्यांच्या कायद्याने यासाठी मर्यादा घालून दिली आहे. कामाच्या जागी दहा लक्ष भाग हवेत अमोनियाचे सरासरी २५ भागांहून अधिक प्रमाण असता कामा नये. आणि अगदी थोडा वेळ झाले तरी ते ३५ भागांपलीकडे जाता कामा नये.

वर्गीकरणात जे नाही, तेही सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. अमोनिया कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणला जात नाही. म्हणून त्या धोक्याचे चिन्ह त्याच्या पाटीवर नसते. सर्वच चिन्हे सगळ्याच पाट्यांवर लावली, तर लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्या मुलाच्या गोष्टीसारखे होईल. खऱ्या संकटाच्या वेळी कोणी लक्षच देणार नाही.

तिसरा प्रश्न पर्यावरणाचा. अमोनिया ओढ्यात किंवा खाडीत मिसळला, तर माशांचा जीव धोक्यात येतो. थोडासा अमोनियाही त्यांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणून जलचरांना अतिशय घातक, अशीही त्याची नोंद झाली आहे.

चौकशी संपली. आता निकाल पाटीवर लिहावयाचा. नव्या पद्धतीत ही चिन्हे तांबड्या किनारीच्या, टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात, पांढऱ्या भूमीवर काळ्या रंगाने काढतात. अशी एकंदर नऊ चिन्हे आहेत. अमोनियाच्या सिलिंडरच्या पाटीवर युरोपातील नियमांप्रमाणे त्यांपैकी चार येतात. सिलिंडरचे चित्र म्हणजे दाबाखालील वायू. हातावर व धातूवर द्रव सांडून ते झिजत असल्याचे चित्र म्हणजे भाजणारे द्रव्य. कवटी व हाडे म्हणजे विष. वठलेले झाड आणि मेलेला मासा म्हणजे पर्यावरणाची हानी. चिन्हांबरोबर ‘धोका’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. त्याखाली काय होऊ शकते आणि काय करावे, यांची छोटी छोटी वाक्ये, तसेच माल पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता असतो. अधिक माहितीसाठी सोळा भागांचे एक सुरक्षा माहितीपत्रक तयार केलेले असते. प्रथमोपचारापासून साठवणीपर्यंत सारे त्यात क्रमाने सापडते.

कोणी चतुर मुलगी येथे विचारील, “अमोनिया पेटतो ना? मग ज्वालेचे चिन्ह कोठे आहे?” प्रश्न रास्त आहे. त्याची ज्वालाग्राहीपणाची श्रेणी दुसरी आहे, आणि त्या श्रेणीला चिन्ह न देता केवळ शब्दांत सूचना द्यावी, असा नियम आहे. म्हणून चित्र पाहिले तरी खालची अक्षरे वाचणे सोडू नये. चित्र हाक मारते. समजावून सांगते ते अक्षर.

रूप बदलले की निकालही बदलतो, हेही लक्षात ठेवा. हाच अमोनिया पाण्यात विरघळवून बाटलीत भरला, तर तो दाबाखालील वायू राहत नाही. त्या द्रावणाच्या पाटीवर सिलिंडरचे व कवटीचे चिन्ह नसते. भाजण्याचे व पर्यावरणाचे मात्र राहते. द्रावण जितके विरळ, तितका धोका कमी. यासाठी रसायनाचे केवळ नाव पाहून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे आणि किती तीव्र आहे, हेही पाहावे लागते.

आता या साऱ्याचा उपयोग कसा होतो, ते एका कल्पित प्रसंगावरून पाहू.

समजा, एका बंदरात बर्फाचा कारखाना आहे. दुपारची वेळ आहे. वारा समुद्राकडून वस्तीकडे वाहत आहे. यंत्रघरात एक वयस्क कामगार आणि नुकताच कामाला लागलेला एक तरुण आहेत. अचानक एका झडपेतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो, जमिनीवर थंड द्रव साचू लागतो आणि पांढुरके धुके पसरते. तरुण घाईने पाण्याची बादली उचलतो.

“थांब पोरा! त्या द्रवावर पाणी ओतू नकोस,” वयस्क कामगार ओरडतो.

“पण काका, हा वायू पाण्यात विरघळतो म्हणून तुम्हीच सांगितलेत ना?”

“वायू विरघळतो रे. पण पाणी या द्रवापुढे फार गरम. ते पडले की हा द्रव अधिकच उकळेल, आणि दसपट वायू आपल्या अंगावर येईल. चल, ओला रुमाल नाकाला लाव.”

तरुण वस्तीच्या बाजूच्या दाराकडे वळतो, तोच काका त्याचा दंड धरतात. “तिकडे नको! वारा तिकडेच वाहतो आहे. वाऱ्याला आडवे चल.” जाता जाता ते धोक्याची घंटा वाजवितात. थोड्याच वेळात सर्वांग झाकणारा पोशाख घातलेली, स्वतंत्र हवेची नळकांडी पाठीवर बांधलेली प्रशिक्षित माणसे आत शिरून झडप बंद करतात. बाहेरून वायूच्या ढगावर पाण्याचे बारीक फवारे सोडले जातात. ढगातील वायू त्या पाण्यात विरघळतो, आणि ते पाणी खाडीत जाऊ नये म्हणून अडवून धरतात. तरुणाच्या डोळ्यांची आग होत असते. काका त्याला नळापाशी बसवून पंधरा मिनिटे सतत पाण्याने डोळे धुवावयास लावतात, आणि मग दवाखान्यात पाठवितात.

काकांनी केलेल्या एकेका गोष्टीमागे पाटीवरील एकेक निकाल उभा होता, हे तुमच्या ध्यानात आले का? द्रव उकळून वायू होतो, म्हणून त्यांनी बादली थांबविली. वायू विषारी, म्हणून वाऱ्याची दिशा पाहिली. तो भाजून काढतो, म्हणून डोळे धुवविले. मासे मरतात, म्हणून पाणी अडविले गेले. पाटी वाचलेला एक माणूस तेथे होता, एवढ्याने दोघांचा जीव वाचला आणि वस्तीला वेळेवर सूचना मिळाली.

रस्त्याने जाणाऱ्या टाकीगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. आपल्या देशातील नियमाप्रमाणे घातक माल नेणाऱ्या गाडीवर त्या मालाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेला क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि संकटकाळी संपर्क साधण्याचा दूरध्वनी क्रमांक लिहावा लागतो. निर्जल अमोनियाचा क्रमांक १००५ असा आहे. गाडीला अपघात झाला, तर दूरवरून हा आकडा वाचून अग्निशामक दल योग्य तयारीनिशी येऊ शकते. तुम्ही कधी असा अपघात पाहिलात, तर कुतूहलाने जवळ जाऊ नका. वाऱ्याकडे लक्ष देऊन दूर व्हा, मोठ्यांना सांगा, आणि लांबून दिसत असेल तर तो क्रमांक टिपून ठेवा.

रसायनांवाचून आजचे जग चालणार नाही. शेतातील पिकाला, बंदरातील मासळीला, आपल्या औषधांना त्यांची गरज आहे. त्यांना भिऊन पळावयाचे नाही आणि त्यांच्याशी गाफीलपणाने खेळावयाचेही नाही. भोपाळच्या त्या रात्री माणसांना मारले ते विषाने, हे खरेच. पण त्या विषाला मदत केली ती अज्ञानाने. ज्या चार चिन्हांकडे आपण सहज पाहतो आणि पुढे जातो, ती कोणीतरी पुष्कळ किंमत मोजून आपल्यासाठी लिहून ठेवली आहेत. ती वाचावयास शिकणे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती समजावून सांगणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.